उणे अठरातली हाक

मासळीवाले आणि रसाच्या गाड्यांवाले सोडले, तर गोंदियात बर्फाची लादी घ्यायला येणारी माणसं दोनच प्रकारची. एक लग्नघरची, दुसरी मयतीची. नव्व्याण्णव साली मी बर्फाच्या कारखान्यात लागलो आणि थोड्याच दिवसांत फाटकातून माणूस आत येतानाच मला कळायला लागलं, हा कोणत्या घरचा. लग्नघरचा भाव करतो. मयतीचा भाव करत नाही, तो एवढंच विचारतो, "किती वेळ टिकेल?" कारण लेक सुरतहून नाहीतर पुण्याहून निघालेला असतो आणि गाडी वेळेवर येईल याची खात्री कोणालाच नसते. अशा माणसाला मी लादीसोबत भुसा जास्त द्यायचो. धानाचा भुसा आमच्याकडे राइस मिलवाले घेऊन जा म्हणून मागे लागतात, तेव्हा त्यात माझा काही मोठेपणा नव्हता.

थंडीचा धंदा मी तिथं शिकलो. लोकांना वाटतं मशीन थंडी तयार करते. मशीन काही तयार करत नाही. आतली उष्णता उचलून बाहेर फेकते, हमालासारखी. हमालाला वाट मोकळी पाहिजे, तशी हवेलाही पाहिजे. एवढं ज्याला समजलं त्याला शीतगृह समजलं. पुढच्या नोकरीत माझ्या वरच्या साहेबांना हे कधी समजलं नाही, आणि त्याचीच ही हकिगत आहे.

काही वर्षांनी शहराच्या टोकाला एक मोठं घाऊक दुकान उघडलं. किराणावाले, हॉटेलवाले, केटरिंगवाले अशांनी गाडी भरून माल न्यायचा, असं दुकान. बालाघाटपासून सालेकशापर्यंतची गिऱ्हाइकं यायची. त्याच्या मागच्या अंगाला थंड विभाग होता आणि त्याचा इन्चार्ज म्हणून मला घेतलं. मी आमगावचा, रोज पॅसेंजरनं ये-जा करायचो. घरी आईनं शेजारणीला सांगितलं, पोरगा बर्फातून निघाला. निघालो कसला, आणखी आत शिरलो.

आमच्याकडे दोन खोल्या होत्या. पहिलीत लोणी, पनीर, दूध. तिथं नुसती थंडी. तिच्या पुढे जाड दाराची दुसरी, ती फ्रीजर. तिथं उणे अठरा. मटार, आइस्क्रीम, कोंबडी, समुद्राचे मासे. या खोलीत माल लावायचा म्हणजे कपाटात कपडे कोंबणं नव्हे. खोकी भिंतीपासून हातभर दूर, वर पंख्याच्या खाली जागा मोकळी, आणि मधली वाट अगदी रिकामी. ती वाट हवेसाठी असते तशीच माणसासाठी. दार बाहेरून बंद झालं तर आतून उघडायला एक गोल खटका असतो, तो दाबला की दार सुटतं. पण खटक्यापर्यंत पोचता आलं पाहिजे.

एका मे महिन्यात दोन भाऊ आले. मला वाटलं आइस्क्रीमवाले असतील. थोरल्यानं मला बाजूला नेऊन विचारलं, "साहेब, आमच्या बाबाले एक रात ठेवता का अठी?" मी म्हटलं, इथं खाण्याचा माल असतो, दादा. तो म्हणाला, "बाबा साफसुथरे होते." मी त्याला जुन्या कारखान्याचा पत्ता दिला आणि भुसा मागून घ्या असं सांगितलं. ते गेल्यावर हसायचं की काय करायचं ते मला कळेना. पारबताबाई म्हणाली, "हसू नोको भाऊ. जागा मांगाले आला होता, भीक मांगाले नाई."

पारबताबाई सालेकशाची आणि देवका मडावी दरेकशाची, दोघी माझ्याच पॅसेंजरनं यायच्या. माझ्या खात्याची सगळी मदार या दोघींवर होती. सुरुवातीला शहरातली धडधाकट माणसं ठेवून पाहिली. कोणी आठवडाभर टिकलं, कोणी पहिल्याच दिवशी नाकातून रक्त आलं म्हणून गेलं ते पगार घ्यायलाही फिरकलं नाही. उणे अठरामध्ये नाकातले केससुद्धा कडक होतात. उबदार कोट सगळ्यांत मिळून मोजकेच, तेही एकानं काढून दुसऱ्यानं घालायचे. हातमोजे ओले झाले की वाळायला वेळ नाही आणि ओला मोजा उघड्या हातापेक्षा वाईट. या दोघी मात्र टिकल्या. पावसाळाभर गुडघाभर चिखलात वाकून रोवणी करणाऱ्या बायका त्या, थंडीची कुरकुर त्यांनी कधी केली नाही. देवकाच्या रोवणीची कीर्ती तर गाडीत सगळ्यांना माहीत होती. पारबता सांगायची, "इच्या बोटाले डोळे आहेत. आमी एक रोवतो तवरिक इचे तीन झालेले रायतात." देवका खिडकीबाहेर बघत राहायची, पण ऐकायला तिला आवडायचं.

फ्रीजरमध्ये एकट्यानं जायचं नाही, हा माझा पहिला नियम. एक आत, एक दारावर. पण जाड दारातून बोलणं ऐकू येत नाही, तेव्हा आतली बरी आहे हे बाहेरचीला कळणार कसं? त्यावर देवकानं आपल्या गावची रीत आणली. जंगलात मोहफुलं वेचायला बायका जातात तेव्हा झाडाझुडपांत पांगतात. मग थोड्या थोड्या वेळानं एक जण लांब हाक देते, "कूऽऽ". दुसरी तशीच उलट हाक देते. म्हणजे मी इथं आहे, तू तिथं आहेस, चालू दे. पण एकीनं लागोपाठ दोन हाका दिल्या, तर तिला हाकेनं उत्तर द्यायचं नसतं. हातातलं टाकून तिच्याकडे जायचं असतं. साप असेल, अस्वल असेल, पाय मोडला असेल.

आमच्या दाराचं रबर खालून झिजलं होतं. मी बदलून मागितलं होतं, मिळालं नव्हतं. त्या फटीतून थंडी गळायची, आणि तिथूनच ती बारीक लांब हाक बाहेर यायची. पनीर घ्यायला आलेले हॉटेलवाले चमकून बघायचे. आमगावचा एक केटरर तर दर खेपेला विचारायचा, "अंदर कोयल पाली है क्या?" मी सांगायचो, दोन आहेत, आणि दोन्ही तुझ्यापेक्षा जास्त काम करतात.

दुकानाचा मॅनेजर बाहेरचा होता. माणूस वाईट नव्हता, पण त्याला वाटायचं गोंदिया म्हणजे थोडं लहान नागपूर. रोवणीला आणि कापणीला माझी अर्धी माणसं जायची, याचा त्याला फार राग. म्हणायचा, यांना नोकरीची किंमत नाही. मी त्याला समजावून सांगायचो की, इकडे आज तू माझ्या धानाच्या बांधीत, उद्या मी तुझ्या बांधीत असा प्रकार असतो. जो या वर्षी गेला नाही, त्याचं धान पुढच्या वर्षी उभ्यानं झडतं, कारण कोणी येत नाही. तो मान डोलवायचा आणि पुढच्या वर्षी तेच बोलायचा. शेवटी एका वर्षी कापणीच्या आधी त्यानं सगळ्यांना उभं करून सांगितलं, जो या हंगामात सुटी घेणार नाही त्याला कायम करू.

पारबता गेली. जाताना मला म्हणाली, "कायम तं जमीन रायते, भाऊ." देवका मात्र थांबली. तिच्या नवऱ्याचा पाय पूर्वीच लाकडाच्या ओंडक्याखाली सापडून अधू झाला होता. घरची छोटी बांधी तिच्या जावांनी कापून दिली, पण तोंडं फुगवून. "पुढच्या सालापासून हक्काची नोकरी होते," ती गाडीत मला म्हणाली. "मंग मी बांधी बटईनं देऊन टाकीन. कोनाच्या पाया पडा नाई लागत." तिनं हे इतक्यांदा म्हटलं की मला काळजी वाटायला लागली.

त्याच हंगामात नागपूरच्या ऑफिसनं मटार पाठवला. त्यांचा हिशोब असा की तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू, लग्नसराई म्हणजे पुलाव, पुलाव म्हणजे मटार. कागदावर बरोबर होतं. पण आमच्याकडे धान कापून-चुरून विकल्याशिवाय कोणाच्या घरी मांडव पडत नाही. बरीच लग्नं उन्हाळ्यात. आणि थंडी पडली की बाजारात हिरव्यागार ताज्या शेंगांचे ढीग लागतात. तेव्हा गोठवलेला मटार कोण विचारतो? मी फोनवर सांगितलं, गाडी परत न्या. तिकडून उत्तर आलं, मागणी काढणारा तज्ज्ञ माणूस आहे, तुम्ही माल लावून घ्या. एक गाडी जिरली नाही तोवर दुसरी आली. वर योजना लागली, एकावर एक मोफत. आमच्या केटररनं हात जोडले. "फ्री में भी मत दो. रखूँ कहाँ, घरवाली के सिर पर?"

खोकी भिंतीला टेकली. मग पंख्याच्या तोंडाशी गेली. मग मधल्या वाटेत आली. लोडशेडिंगच्या वेळी जनरेटर चालायचा, पण कोंबलेल्या खोलीत हवा फिरेना. दारापाशी बर्फाचा थर आणि कोपऱ्यातला माल मऊ, अशी गत झाली. ओलसर झालेली खालची खोकी पुन्हा गोठताना वाकडी होतात आणि त्यांच्यावरची थप्पी तिरपी उभी राहते. मी मॅनेजरला हाताला धरून आत नेलं आणि दाखवलं. तो कुडकुडत म्हणाला, "दिख रहा है. पर आदमी कहाँ है हटाने के लिए?" त्याचंही खरं होतं. माल मावत नव्हता आणि माणसं कापणीला, दोन्ही एकाच वेळी. तरी नवी गाडी घेऊ नका, एवढं त्याला म्हणता आलं असतं. त्यानं ते म्हटलं नाही.

पारबताच्या जागी दारावर दुबेजींना बसवलं. दुबेजी म्हणजे आमच्या फाटकावरचा पहारेकरी. पिकलेल्या मिशा, गळ्यात तुळशीची माळ, जन्म सगळा गोंदियात. जंगल त्यांनी रेल्वेच्या खिडकीतूनच पाहिलेलं. अतिशय मायाळू माणूस. मी त्यांना नियम समजावले: दारापासून हलायचं नाही, आतून हाक आली की उत्तर द्यायचं, आणि दोन आल्या तर दार उघडून आत जायचं. देवकानंही सांगितलं. त्यांनी मान डोलवली. त्यांना तो सगळा प्रकार गमतीचा वाटला. पहिल्याच दिवशी त्यांनी इतकी सुंदर "कूऽऽ" काढली की देवका आतून हसत बाहेर आली. "दुबेजी, तुमी तं आमच्या गावचे निंगले."

त्या दिवशी दुपारी नागपूरहून फोन आला म्हणून मला वर बोलावलं. मॅनेजर, मी आणि टेबलावर ठेवलेला फोन. तिकडचा साहेब मटार का खपत नाही ते विचारत होता. मी शेंगांचं सांगितलं, कापणीचं सांगितलं, वाट बंद झाल्याचंही सांगितलं. तिकडून आवाज आला, "सकारात्मक बोला." मी माझ्या परीनं सकारात्मक बोललो आणि मॅनेजर माझ्याकडे डोळे वटारून बघत राहिला.

खाली एक हॉटेलवाला आइस्क्रीमसाठी अडून बसला होता. आइस्क्रीम सगळ्यात मागे, मटाराच्या पलीकडे. देवका थप्पीच्या बाजूनं अंग चोरून आत गेली. एक खोकं ओढलं तशी वाकडी थप्पी तिच्या आणि दाराच्या मधे कोसळली. तिचा उजवा हात पडलेली खोकी आणि लोखंडी रॅकचा खांब यांच्यात दाबला गेला. हात निघेना. खोकी ओढायला दुसरा हात पुरेना. उणे अठरातलं लोखंड म्हणजे काय ते ज्यानं धरलंय त्यालाच माहीत; ते सोडत नाही.

तिनं हाका दिल्या. लागोपाठ दोन.

दुबेजींनी उत्तर दिलं. "कूऽऽ, कूऽऽ." दोनाला दोन.

तिला वाटलं, ऐकलं, येत आहेत. थोडं थांबून तिनं पुन्हा दोन दिल्या. दुबेजींनी पुन्हा दोन दिल्या. हॉटेलवाल्याला ते म्हणाले, आज देवकाबाई खुशीत दिसते. तिनं आरडाओरडा केला असता, लाथा मारल्या असत्या, तर कदाचित कोणाला संशय आला असता. पण जंगलात ज्यानं दोन हाकांना जबाब दिला तो निघालेलाच असतो, मग ओरडायचं कशाला? ती अंग आखडून वाट बघत राहिली.

मी जिना उतरत होतो तेव्हा दुबेजींचा आवाज ऐकला. आधी एक, लगेच दुसरी. दारावरच्या माणसानं दोन कशाला द्यायच्या? मग फटीतून दुसरा आवाज आला, बारीक झालेला, पण दोनच. माझ्या हातातलं सगळं तिथंच पडलं. दार उघडलं तर समोर भिंतच होती मटाराची. मी, दुबेजी, तो हॉटेलवाला आणि धान्य विभागातले हमाल, सगळ्यांनी खोकी बाहेर फेकली. दुबेजी फेकताना रडत होते. "मैं तो हर बार जवाब दे रहा था, मेश्रामजी. हर बार दे रहा था."

देवका शुद्धीवर होती. मला बघून म्हणाली, "इतला वेळ काऊन लावला, भाऊ? दुबेजी तं कवाचे निंगले होते."

गोंदियाच्या सरकारी दवाखान्यात तिला ठेवलं. उजव्या हाताची बोटं आधी पांढरी होती, मग निळी, मग काळी पडली. डॉक्टर भला होता, वाट पाहू म्हणाला. पण वाट पाहून काही झालं नाही. अंगठ्याचं टोक आणि त्याच्या शेजारची दोन बोटं अर्धी काढावी लागली. रोवणीला हीच लागतात. डाव्या हातात रोपांची पेंडी धरायची, उजव्या हाताच्या या तीन बोटांनी काडी सोडवून चिखलात टोचायची. कुठल्याही बाईला विचारा.

दवाखान्याचा खर्च दुकानानं केला. कायम मात्र केलं नाही, कारण फ्रीजरच्या कामाला ती आता अयोग्य होती आणि दुसऱ्या कामाला जागा नव्हती. मी मॅनेजरला म्हणालो, शब्द दिला होता तुम्ही, आणि तिनं सुटी घेतली नाही. तो म्हणाला, "दवाखान्यातले दिवस सुटीतच जातात." हे म्हणताना तो माझ्याकडे बघत नव्हता. त्याला लाज वाटली असावी, पण लाजेनं पोट भरत नाही. मी भांडलो, नागपूरला लिहिलं, उत्तर आलं नाही. राजीनामा दिला नाही. घरात खाणारी तोंडं होती आणि मला थंडीशिवाय दुसरं काही येत नव्हतं.

चौकशीला दोन माणसं आली. त्यांनी सगळ्यात आधी दाराचं झिजलेलं रबर पाहिलं आणि हा निष्काळजीपणा कोणाचा म्हणून विचारलं. नवं रबर दोन दिवसांत आलं, जे मला कित्येक महिने मिळालं नव्हतं. दार इतकं घट्ट बसायला लागलं की आतलं काही म्हणता काही बाहेर येईना. त्याच्या बदल्यात आत एक विजेची घंटी बसवली. वीज गेली की जनरेटर सुरू होईपर्यंत तीही मुकी. मी एक जाड लाकडाचा ठोकळा करून घेतला आणि माणूस आत असेपर्यंत तो दारात घालून ठेवायला लागलो. थंडी गळते म्हणून मला दोनदा ताकीद मिळाली. ठोकळा मी काढला नाही.

दुबेजी पुन्हा दारावर बसले नाहीत. फाटकावरही फार दिवस राहिले नाहीत. ते देवकाला भेटायला दवाखान्यात गेले होते, पण आत न जाता पिशवीतली संत्री नर्सकडे देऊन परत आले, असं मला नंतर कळलं. चूक त्यांची म्हणावी तर त्यांनी एकही हाक बिनउत्तराची ठेवली नव्हती. मटार पुढच्या उन्हाळ्यात मुदत संपून फेकला. खड्डा खणायला मात्र माणसं मिळाली.

पावसाळ्यात रोवणी सुरू झाल्यावर एका सुटीच्या दिवशी सकाळी मी आमगावहून गोंदियाकडे न जाता उलट दिशेच्या पॅसेंजरनं दरेकशाला गेलो. स्टेशनापासून चालत गेलो. डोंगराच्या पायथ्याशी बांध्या पाण्यानं भरल्या होत्या आणि बायका ओळीनं वाकून रोवत होत्या. देवका ओळीत नव्हती. पलीकडच्या धुऱ्यावर, बांधावर, उभी राहून डाव्या हातानं पऱ्ह्यांच्या, म्हणजे रोपांच्या, पेंड्या ओळीतल्या बायकांकडे फेकत होती. हे काम म्हाताऱ्या बाया करतात, नाहीतर लहान मुली.

मधे सगळा चिखल. मला तिकडे जाता येईना. इतकी वर्षं ऐकून मलाही जमायला लागलं होतं, म्हणून मी तोंडाशी हात धरून एक हाक दिली. वाकलेल्या बायकांनी मान वर न करता जागच्या जागी उत्तर दिलं, सगळ्यांनी, आणि रोवत राहिल्या. देवकानं दिलं नाही. तिनं हातातली पेंडी खाली ठेवली आणि धुऱ्याधुऱ्यानं सगळा वळसा घालून चालत माझ्यापर्यंत आली. धापा टाकत होती.

"काय झालं, भाऊ?"

"काही नाही. एकच दिली ना मी? सहज दिली."

तिनं माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं, हात पाय सगळे जागेवर आहेत याची खात्री करून घेतल्यासारखं.

"एकीच्या पाठीमांगं दुसरी रायली असन तं?" ती म्हणाली. "मी आता कोनालेच जबाब देत नाई, भाऊ. जाऊन पाहतो."